तोंडात पाणी धरून सोडलेली फूटपट्टी

नववीत असताना माझी एकच महत्त्वाकांक्षा होती: भंडाऱ्याच्या महाविद्यालयातली प्रयोगशाळा आतून पाहणे. ही महत्त्वाकांक्षा लहान होती असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले काचेचे एक कपाट होते. त्यात एक सूक्ष्मदर्शक होता, बाटलीत बुडवलेला एक बेडूक होता आणि कुलूप होते. किल्ली कोणत्या शिक्षकाच्या काळात हरवली याबद्दल मतभेद होते. ती हरवली आहे याबद्दल नव्हते. आम्ही मधल्या सुट्टीत त्या काचेला नाक लावून उभे राहत असू. ज्या यंत्रातून पाहायचे, त्या यंत्राकडेच आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो होतो.

त्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे पत्र आले. प्रत्येक शाळेने एक प्रयोग आणि दोन विद्यार्थी पाठवायचे होते. प्रदर्शन भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात होते आणि पत्राच्या शेवटी लिहिले होते, की सहभागी विद्यार्थ्यांना महाविद्यालयाची प्रयोगशाळा दाखवण्यात येईल. बाकीचे पत्र मी विसरले. ते शेवटचे वाक्य मला तोंडपाठ होते.

आमचे गाव सिहोऱ्याच्या अलीकडे, चहूबाजूंनी भाताच्या बांध्या असलेले. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन काही वर्षे लोटली होती, तरी वर्गाच्या भिंतीवरचा नकाशा जुनाच होता आणि त्यात गोंदिया अजून आमच्यातच होते. नकाशावर आमच्या गावापासून भंडाऱ्यापर्यंतचे अंतर माझ्या करंगळीच्या पेराएवढे होते. अडचण अंतराची नव्हती. अडचण ज्वालामुखीची होती.

तो ज्वालामुखी आमच्याच वर्गातल्या एका मुलाने तयार केला होता. त्याचे वडील बँकेत अधिकारी होते आणि जूनमध्ये नागपूरहून बदली होऊन आले होते. गावातल्या मोजक्या स्लॅबच्या घरांपैकी एकात ते राहत. त्याचा ज्वालामुखी प्लास्टरचा होता. त्याच्या तोंडात खायचा सोडा आणि लिंबाचा रस टाकला की लाल शाईचा फेस उसळून बाहेर येई. मुख्याध्यापकांना तो इतका आवडला होता, की त्यांनी तो आपल्या टेबलावर दोनदा उसळवून घेतला होता. टेबलावरचा पांढरा कपडा त्यानंतर कायमचा गुलाबी झाला.

माझ्याजवळ प्रयोग नव्हता. महत्त्वाकांक्षा असून प्रयोग नसणे ही अवस्था किती असह्य असते, हे ज्यांनी ती भोगली आहे त्यांनाच कळेल.

मग मज्जासंस्थेचा धडा आला. विज्ञानाच्या मॅडम रोज तुमसरहून एस.टी.ने येत. त्या तरुण होत्या, वर्ध्याकडच्या होत्या, आणि पुस्तकात नसलेल्या गोष्टी करायला त्यांना आवडे. त्या दिवशी त्यांनी फूटपट्टी उभी धरली आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला अंगठा व बोट तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या रेषेजवळ, उघडे ठेवायला सांगितले.

“मी सोडली की पकडायची. कधी सोडणार, ते सांगणार नाही.”

पट्टी सुटली. मुलाची बोटे मिटेपर्यंत ती बरीच खाली आली होती. जिथे बोटे मिटली तो आकडा वाचायचा आणि पट्टी तेवढी पडायला किती वेळ लागला ते सूत्राने काढायचे. वीस सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचा साधारण पाचवा भाग. डोळ्याने पाहायचे, मेंदूने हुकूम द्यायचा, हाताने तो पाळायचा. इतक्या सगळ्या कारभाराला तेवढा वेळ लागतोच. मॅडमनी आणखी चार-पाच जणांना पट्टी झेलायला लावली. सगळ्यांचे आकडे विसाच्या अलीकडे-पलीकडे आले. एक मुलगी तर इतकी दचकली, की पट्टी खाली पडून आडवी झाल्यावर तिने मूठ मिटली.

“आता जोड्या करा आणि आपापली मोजणी घ्या,” मॅडम म्हणाल्या आणि फळ्यावर सूत्र लिहू लागल्या.

माझी जोडी माझ्या मैत्रिणीशी होती. तिचे घर आमच्या घराला लागून. दोन्ही घरांच्या छपरांमधून एक मांजर जाऊ शके, माणूस नाही. ती हसायला लागली की तिला थांबवता येत नसे. फार तर वर्गाबाहेर काढता येई. तिने पट्टी धरली, सोडली आणि मी पकडली.

दोन सेंटिमीटर.

“पुन्हा सोड,” मी म्हणाले.

दीड.

“वा वो बाई!” मैत्रीण म्हणाली. “आता मले झेलू दे.”

तिचे अडीच आले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आरोळी आली, “दोन! माये दोन आले!” त्याच्या शेजारून, “हट्! माये एक!” खिडकीजवळची मुलगी उभी राहून सांगत होती, “मी झेलतच नाई वो, पट्टीच माया हातात येऊन राहिली!” कुणीतरी बाकावर चढले. कुणीतरी डोळे मिटून पट्टी झेलली आणि त्याचेही तीनच आले, तेव्हा वर्गात जो गोंधळ झाला तो ऐकून शेजारच्या आठवीतली मुले दारात जमा झाली. मॅडम खडू हातात धरून वळल्या.

मी मात्र गणित करत होते. दोन सेंटिमीटर म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. डोळ्यापासून बोटापर्यंत निरोप पोचायलाच याहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ माझ्यासमोर, गळक्या छपराखाली, तेल लावलेल्या वेण्या घालून, मानवजातीतली सर्वांत चपळ मुले बसलेली होती. आता माझाही ज्वालामुखी उसळला होता. तो फेस लाल शाईचा नव्हता.

एकाच जोडीचे आकडे वेगळे होते: ज्वालामुखीवाल्याच्या. तो झेलायचा तेव्हाही अठरा-वीस, आणि त्याने सोडलेली पट्टी झेलताना त्याच्या जोडीदाराचेही अठरा-वीस. जोडीदार गावचाच होता आणि फार चिडला होता. “याच्यासंगं बसून माया हात बसला,” तो म्हणाला. मी त्या जोडीला शांतपणे अपवाद ठरवले. अपवाद वगळता येतो हे मला नुकतेच कळले होते आणि त्याचा वापर करण्याची घाई झाली होती. मॅडमनी घेतलेले आधीचे आकडे कसे समजावायचे, तेही ठरवून टाकले: मॅडमसमोर भीतीने हात बधिर झाले होते.

सुटीची घंटा होईपर्यंत माझा सिद्धांत तयार होता. रोवणीच्या दिवसांत चिखलात भराभर रोपे खोचणारे हात, तळ्याच्या पाण्यात मासोळ्यांमागे धावणारे हात, सागरगोटे खेळणारे हात: अशा हातांच्या मुलांचा प्रतिसादाचा वेळ इतर मुलांहून कमी असतो. मी तो मॅडमना एका दमात सांगितला.

मॅडमनी आकडे पुन्हा पाहिले. “हे आकडे माणसांचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “मांजरांचेही नसावेत. काहीतरी चुकतंय. सोमवारी मी स्वतः परत घेते.”

पण मुख्याध्यापक दारातच उभे होते, आणि त्यांनी फक्त सिद्धांत ऐकला होता.

शनिवारच्या प्रार्थनेनंतर त्यांनी भाषण केले. आपल्या गावच्या मुलांचा हात विजेसारखा आहे, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, असे ते म्हणाले. भंडाऱ्याला हाच प्रयोग जाईल, असेही म्हणाले, आणि माझे व मैत्रिणीचे नाव पुकारले. ज्वालामुखी त्यांच्या टेबलावरून कपाटावर चढला. मी रांगेत ताठ उभी होते. माझ्या मनात मी केव्हाच भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरून, ऑटोवाल्यांना ओलांडून, त्या प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढत होते.

पुढचे दोन दिवस गाव वेडे झाले. मुले घरी गेली, घरच्यांनी पट्ट्या सोडून पाहिल्या, आणि घरच्यांचेही हात विजेसारखे निघाले. पानठेल्यावर लोक एकमेकांच्या बोटांत अगरबत्तीचे पुडे सोडत होते. बाजारातला भाजीवाला गिऱ्हाइकाला मुळा झेलायला लावून मगच झोळीत टाकी. तुमसरच्या गाडीच्या वाहकाला पानठेल्यावरच्या लोकांनी पुडा झेलायला लावला. त्याचा हात मात्र रिकामाच राहिला, तेव्हा “बाहेरगावचा हाये, काय करते बिचारा,” असे म्हणून सगळ्यांनी त्याची कीव केली. आमच्या मोजणीसाठी दिल्लीहून माणसे येणार आहेत, ही बातमी मला शेजारच्या काकूंकडून कळली. त्यांना ती माझ्या आईने सांगितली होती, आणि आईला काकूंनी.

घरी वडिलांनी आईच्या हातात पोळ्या लाटायचे बेलणे दिले.

“सोड.”

“पायावर पडंन ना!”

“पडत नाई. सोड तू.”

आईने सोडले, वडिलांनी ते अगदी वरच्या वर पकडले आणि हातात बेलणे घेऊनच दोन घरे पलीकडे सांगायला गेले. पोळ्या थांबल्या. मी आईकडे पाहून हसत होते. पुरावा माझ्या डोळ्यांसमोर, बेलणे जिथून सुटले तिथेच, पिठाच्या हातांनी उभा होता. मला तो दिसला नाही.

सोमवारी सकाळी शाळेत पोचलो तेव्हा आमच्या वर्गात ऊन पडले होते. रात्रीतून नव्हे, भल्या सकाळी वानरांची टोळी शाळेच्या छपरावर उतरली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उड्या मारल्या होत्या, आणि जुने देशी कवेलू, कुंभाराच्या हातची अर्ध्या नळीसारखी कौले, जिथे जिथे पाय पडला तिथे फुटले होते. यात कुणाला नवल वाटले नाही. शाळेमागे कवेलूंची रास कायमच रचलेली असे. शिपाईदादा छपरावर चढले, वर्गातला एक धिप्पाड मुलगा शिडीवर उभा राहिला आणि राशीपासून शिडीपर्यंत आमची रांग लागली. एकीने कवेलू पुढचीकडे टाकायचा, तिने झेलून तिच्या पुढचीकडे. हे काम आम्हाला कुणी शिकवल्याचे आठवत नाही. गावात दर उन्हाळ्यात प्रत्येक घराचे कवेलू उतरवून पुन्हा फेरले जातात आणि चालता येऊ लागलेले मूल त्या रांगेत उभे राहते.

मैत्रीण माझ्या आधी होती. ती टाकत होती, मी झेलत होते आणि पुढे टाकत होते. मान वळवून मी खिडकीकडे पाहत होते. आत मॅडम बाकांवरची माती झटकत होत्या आणि टेबलावर त्यांची फूटपट्टी तयार ठेवलेली होती. माझे हात आपले काम करत होते. कवेलू येत होता, हातात बसत होता, जात होता. मी एकदाही त्याच्याकडे पाहिले नव्हते.

मग तो ज्वालामुखीवाला मुलगा रांगेत आला. त्याला कुणी बोलावले नव्हते. त्याला एकट्याने उभे राहायचा कंटाळा आला असावा. तो मैत्रिणीच्या आणि माझ्या मध्ये घुसला, तिच्याकडून आलेला कवेलू दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला आणि मग माझ्याकडे टाकला.

कवेलू माझ्या कोपराला लागून खाली पडला आणि फुटला.

“मुक्यानं कायले टाकतं गा!” शिडीवरचा मुलगा वरून ओरडला. “हप् म्हण ना!”

“काय म्हणू?”

“हप्!”

“का?”

हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. कवेलू टाकण्याआधी ‘हप्’ म्हणतात. शिडीवरच्या माणसाचा एक हात शिडीला असतो, डोळे छपराकडे असतात; त्याला कवेलू दिसत नाही, तो ऐकू येतो. न सांगता टाकलेल्या कवेलूला आमच्याकडे मुका कवेलू म्हणतात, आणि मुका कवेलू टाकणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसतो. त्यामुळे तो आवाज आम्ही काढतो हे आम्हाला कळतही नाही. ओठ उघडतात, मिटतात, श्वास सुटतो, वस्तू सुटते. कवेलू असो, विटा असोत, धानाच्या पेंढ्या असोत.

बेलणे असो.

फूटपट्टी असो.

मी रांगेतच थांबले. मागून आलेला कवेलू मी झेलला खरा, पण पुढे टाकला नाही. शुक्रवारपासून मी झेलणाऱ्यांकडे पाहत होते. सोडणाऱ्याकडे कुणी पाहिलेच नव्हते. मॅडम वर्ध्याकडच्या, त्या सोडत तेव्हा सगळे माणसांसारखे संथ. ज्वालामुखीवाला स्लॅबच्या घरातला. तो सोडी तेव्हा त्याचा जोडीदार संथ. आणि त्याला स्वतःला ‘हप्’ ऐकू येऊनही त्याचा अर्थ माहीत नव्हता. ज्यांना मी अपवाद म्हणून बाहेर काढले होते, तेच एकटे खरा प्रयोग करत होते. बाकी वर्गभर आम्ही एकमेकांना आधी सांगून पट्ट्या सोडत होतो आणि स्वतःला वीज म्हणवून घेत होतो.

मी मैत्रिणीला ओढून राशीमागे नेले आणि सगळे सांगितले. ती आधी अर्धा मिनिट हसली.

“म्हणजे आपन जलद नाई?”

“नाही.”

“बाप्पा! माया बाबानं तं सासुरवाडीले फोन केला!” मग तिचे हसू एकदम थांबले. “अवं, पन भंडारा?”

मीही तिथेच येऊन पोचले होते.

“चूप राय ना वो,” ती म्हणाली. “भंडाऱ्याहून आल्यावर सांगजो.”

मला तिची सूचना आवडली होती, हे नमूद केले पाहिजे. पण टेबलावर मॅडमची पट्टी होती. दुपारी त्या स्वतः सोडणार, आणि आमची वीज सगळ्या वर्गासमोर विझणार. एखादी गोष्ट आपण शोधली तर तो आपला शोध असतो. तीच दुसऱ्याने शोधली तर ती आपली चूक असते. हा नियम मी त्या कवेलूंच्या राशीमागे उभी राहून तयार केला आणि पुढच्या सगळ्या शिक्षणात तो मला उपयोगी पडला आहे.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले, पट्टी माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, “दाखव.”

“सरांनापण दाखवावं लागेल, मॅडम.”

“ते तर लागेलच,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

दुपारी, नव्या कवेलूंखाली, मुख्याध्यापक पहिल्या बाकावर येऊन बसले. मी उभी राहून सांगितले. त्यांचा चेहरा वाक्यागणिक उतरत गेला.

“म्हणजे आपले पोट्टे जलद नाहीत?”

“नाही, सर.”

“अजिबात नाहीत?”

“माणसांइतके आहेत, सर.”

“मी सरपंचाले सांगून बसलो ना वो,” ते म्हणाले. मुख्याध्यापकांची प्रमाण भाषा संकटात त्यांना सोडून जाई. त्यांनी मान वर केली. “ज्वालामुखी कुठे आहे?”

“कपाटावर, सर,” तो मुलगा तत्परतेने म्हणाला.

“सर, एकदा बघा तरी,” मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला. प्रयोगशाळेच्या पायऱ्या माझ्या पायाखालून सरकत होत्या.

‘हप्’ म्हणू नका, असे सांगून उपयोग नव्हता. ते आम्ही सकाळीच करून पाहिले होते. ओठ दाबून धरले तरी ऐन वेळी ते उघडत. पापणी लवू नका म्हणण्यासारखेच ते होते. म्हणून मी मैत्रिणीला पेलाभर पाणी दिले आणि ते तोंडात धरायला सांगितले. तोंड उघडले तर पाणी सांडेल. पाणी सांडायचे नसेल तर ‘हप्’ गिळावा लागेल. गाल फुगवून ती उभी राहिली. तिचे डोळे गोल झाले होते. मी तिच्याकडे न पाहण्याची खबरदारी घेतली.

आधी शिडीवरचा धिप्पाड मुलगा आला. शुक्रवारी त्याचे एक सेंटिमीटर होते. पट्टी सुटली आणि सरळ जमिनीवर पडली. वर्ग हसला. तो म्हणाला, “थांबा, मायं ध्यान नव्हतं.” पट्टी पुन्हा पडली. खिडकीजवळची मुलगी आली, तिचे एकवीस. एकेक वीज येत होती आणि वाकून जमिनीवरची पट्टी उचलून देत होती.

“पण पाण्यामुळे काही बदलत नसेल कशावरून?” मॅडमनी विचारले. त्यांना उत्तर माहीत होते. त्या ते माझ्या तोंडून मुख्याध्यापकांना ऐकवत होत्या.

मी पाणी झेलणाऱ्याच्या तोंडात दिले आणि सोडणाऱ्याचे तोंड मोकळे ठेवले. हप्. दीड सेंटिमीटर. फुगलेल्या गालांनी धिप्पाड मुलाने दोन्ही हात वर केले.

मुख्याध्यापक उठले. “मले पाहू दे.”

त्यांनी बाह्या सावरल्या, बोटे शून्यापाशी ठेवली. मैत्रिणीने पाणी न घेता पट्टी सोडली, हप्, आणि सरांनी ती वरच्या वर पकडली. त्यांच्या चेहऱ्यावर शनिवारचे भाषण परत आले. “हे पाहा!”

“आता पाण्यासकट, सर.”

मैत्रिणीने घोट भरला. पट्टी त्यांच्या बोटांमधून निसटून त्यांच्या चपलेवर पडली.

“पुन्हा.”

पुन्हा चपलेवर.

“पुन्हा,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि यावेळी पट्टीकडे न पाहता ते मैत्रिणीच्या फुगलेल्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले. त्यांना चाहूल तिथून हवी होती. त्यांचा चष्मा तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर आला. त्यांच्या भुवया वर गेल्या. तिच्याही गेल्या. मला पुढचे सगळे दिसले, आणि ते थांबवायला जितकी चपळाई हवी होती तितकी मानवी शरीरात नव्हती.

मैत्रीण हसली.

पाणी चष्म्यावर, मिशांवर, बुशशर्टाच्या खिशातल्या दोन पेनांवर गेले. पट्टी खाली पडली, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

ज्वालामुखीवाला मुलगा म्हणाला, “सर, हापण ज्वालामुखीच झाला.”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलू लागले. आधी आम्हाला वाटले, हा रागाचा प्रकार आहे. मग त्यांचे तोंड उघडले आणि ते हसताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. त्यांचा एक दात सोन्याचा होता. मग काय विचारता. मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मैत्रीण केव्हाच बाकाखाली गेली होती. दारातली आठवीची मुले का हसायचे हे माहीत नसताना हसत होती.

मुख्याध्यापकांनी रुमालाने मिशा पुसल्या. “सरपंचाले काय सांगू?”

“सांगा, सर, की आपल्या गावात कुणी कुणाला न सांगता काही टाकत नाही,” मी म्हणाले. हे मी आधी ठरवले नव्हते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग ज्वालामुखीवाल्याकडे, मग बुशशर्टाकडे.

“तिकडे साहेबांवर थुंकू नोका,” ते म्हणाले. म्हणजे आम्ही जाणार होतो.

भंडाऱ्याच्या प्रदर्शनात आमचे टेबल दोन ज्वालामुखींच्या मध्ये होते. एक साकोलीचा होता. दुसरा कुठला ते विचारायचे राहिले. आमच्याकडे एक फूटपट्टी, एक तांब्या आणि दोन पेले होते, आणि सुरुवातीला लोक आमच्याकडे पाणी प्यायला येत. पण एकाने प्यायले, एकाने पट्टी धरली, कुणीतरी कुणाला भिजवले आणि मग रांग लागली. परीक्षक आले तेव्हा त्यांना रांगेत थांबावे लागले.

ते गंभीर गृहस्थ होते, मूळचे आमच्याच भागातले. मैत्रिणीने ‘हप्’ म्हणून सोडलेली पट्टी त्यांनी दोन सेंटिमीटरला पकडली, सोबतच्या परीक्षकांकडे वळून पाहिले आणि ती मोजणी टिपून ठेवायला सांगितली. मग माझी पाळी होती. मी घोट भरला आणि पट्टी सोडली. ती त्यांच्या बुटावर पडली. त्यांनी पट्टीकडे पाहिले, तांब्याकडे पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले.

“हे तुम्हाला सुचलं कसं?”

या प्रश्नासाठी मी शुद्ध मराठीत एक उत्तर तयार केले होते. त्यात मज्जासंस्था होती, नियंत्रित निरीक्षण होते, चल आणि अचल घटक होते. आणि माझ्या तोंडात पाणी होते. मी गिळू लागले. ते नाकाकडे निघाले.

“सर,” मैत्रीण म्हणाली, “वानरानं कवेलू फोडले ना, म्हणून.”

परीक्षक मान डोलवून पुढे गेले. आम्हाला बक्षीस मिळाले नाही. ते साकोलीच्या ज्वालामुखीला मिळाले. त्याच्यात विजेचा दिवा बसवलेला होता आणि निष्पक्षपणे सांगायचे तर तो सुंदर होता.

दुपारी प्रयोगशाळा उघडली. मी पायऱ्या चढले. आत लांबलचक काळी टेबले होती, नळ होते, आणि सूक्ष्मदर्शक एक नव्हता, ओळच्या ओळ होती, आणि एकाही कपाटाला कुलूप नव्हते. सहायकांनी कांद्याच्या पापुद्र्याचा तुकडा काचेवर ठेवला आणि मला बोलावले. मी डोळा लावला. आधी फक्त उजेड दिसला, मग मी चाक फिरवले आणि त्या उजेडात लांबट पेशी उमटल्या, एकाला एक लागलेल्या, ओळीने रचलेल्या, टोकापासून टोकापर्यंत. मी जागची हलले नाही. मागे रांग चुळबुळत होती आणि मैत्रीण माझ्या पाठीत बोट खुपसत होती.

“काय दिसून राहिलं वो? सांग ना! मले पाहू दे!”

मी बाजूला झाले. ती वाकली, तिने एक डोळा घट्ट मिटला आणि चाक फिरवले.

“बाप्पा!” ती इतक्या मोठ्याने ओरडली, की काहीतरी फुटले असे वाटून सहायक धावत आले. “अवं, हे तं कवेलूच हायेत!”